पायताण, कांदा आणि मनगटावरचं घड्याळ

श्रोतेहो, नमस्कार.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर मी गारगोटीच्या गाडीची वाट बघत उभा होतो. चार माणसं सोडून पलीकडे एक पंचविशीतला मुलगा एकदम ताठ झाला, घशातून चमत्कारिक आवाज आला आणि तो धाडकन पडला. हातपाय झटकायला लागले, तोंडाला फेस आला. आपल्याकडे गर्दी जमायला वेळ लागत नाही. "फेपरं हाय त्येला, फेपरं!" एकानं पायातलं पायताण काढलं, अस्सल कोल्हापुरी, तेल पाजून काळं झालेलं, आणि त्याच्या नाकाला लावलं. दुसरा भेळेच्या गाड्याकडे कांदा आणायला पळाला. तिसऱ्यानं किल्ल्यांचा जुडगा मुठीत कोंबला. "मी डॉक्टर आहे, जरा बाजूला व्हा" असं मी सांगत होतो, पण ज्याच्या हातात पायताण असतं त्याच्याशी फार वाद घालता येत नाही.

थोड्या वेळानं झटके थांबले. मुलगा निपचित पडला, घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागला. पायताणवाले गृहस्थ उठले, पायताण पायात सरकवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा, लागू पडलं का न्हाई?"

मी विचारलं, "किती वेळ चाललं होतं हो हे?" एक जण म्हणाला, पंधरा मिनिटं. दुसरा म्हणाला, धा तर नक्कीच. तिथंच एका कॉलेजच्या पोरानं मोबाईलवर सगळं टिपलं होतं. एरवी मला अशा चित्रीकरणाचा राग येतो. त्या दिवशी मात्र मी त्याच्या खांद्यावरून डोकावून बघितलं. पडल्यापासून झटके थांबेपर्यंत एक मिनिट पन्नास सेकंद.

आपला मेंदू विजेच्या अगदी बारीक संदेशांवर चालतो. फिट येते तेव्हा पेशींचा मोठा गट एकाच वेळी, एकाच ठेक्यात संदेश सोडायला लागतो. आणि बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, कारण मेंदूकडे स्वतःचेच ब्रेक आहेत. आता हिशेब करा. माणूस पडला, लोक धावले, कुणीतरी वाकून पायताण काढलं, नाकाला लावलं. यात दीड मिनिट सहज जातं. फिट थांबायला आणि पायताण पोचायला एकच गाठ पडते, आणि श्रेय पायताणाला मिळतं. पिढ्यान्‌पिढ्या मिळत आलंय. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्यानं डोळ्यांनी जे बघितलं तेच तो सांगत होता. त्यानं फक्त घड्याळ बघितलं नव्हतं, आणि पायताण न लावलेल्या फिट्स किती वेळ चालतात तेही कधी मोजलं नव्हतं. वैद्यकीय संशोधन म्हणतात ते मुळात एवढंच असतं. घड्याळ बघायचं, आणि उपचार न केलेल्यांचंही मोजायचं.

मग समोर कुणाला फिट आली तर करायचं काय? आधी वेळ बघा. आजूबाजूची टोकदार, गरम वस्तू दूर करा. डोक्याखाली टॉवेल, पिशवी, काहीतरी मऊ द्या, गळ्याशी आवळलेलं सैल करा. झटके थांबले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल आणि घशात उतरणार नाही. हातपाय दाबून धरू नका. दातांत चमचा घालू नका. दात तुटतात, जीभ वाचत नाही. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका. फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, तर १०८ला फोन करा. पाच मिनिटं हा आकडा कुणाच्या मनाचा नाही. त्यापलीकडे गेलेली फिट आपोआप थांबायची शक्यता कमी होते, औषध द्यावंच लागतं.

लहान बाळाला तापात आलेली आकडी ही थोडी वेगळी गोष्ट. सहा महिने ते पाच वर्षं या वयात ती येऊ शकते आणि बहुतेक मुलांना पुढं अपस्मार, म्हणजे पुन्हापुन्हा फिट येण्याचा आजार, होत नाही. तरी पहिल्यांदा आली की दाखवायचं.

आता मोजण्याकडे येतो, कारण माझा जीव तिथं अडकलेला आहे.

जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे, त्यातले जवळजवळ ८० टक्के आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे मोजणी कशी झाली तेही ऐका. १९८० च्या दशकात मुंबईतल्या पारशी वसाहतींमध्ये संशोधकांनी दारोदार जाऊन मेंदूच्या आजारांची पाहणी केली. पुढं बंगळुरू शहर आणि आसपासच्या खेड्यांत मिळून एक लाखाहून जास्त लोकांची घरोघरी तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. डोकेदुखी आणि अपस्मार हे मेंदूचे आजार सगळ्यांत पुढं होते. आणि अपस्माराचं प्रमाण खेड्यांत शहराच्या जवळजवळ दुप्पट निघालं: हजारी बारा, शहरात हजारी सहाच्या आत. भारतातल्या अनेक पाहण्या एकत्र करून १९९९ मध्ये एक सरासरी काढली गेली, ती हजारी साडेपाचच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. गुणाकार केला तर वीस-एकवीस हजार माणसं होतात. खासबागेचं मैदान कुस्तीला भरतं ना, त्याची आठवण करून देणारा आकडा आहे हा.

कुठं आहेत ही माणसं? घरात आहेत. "तुमच्याकडे कुणाला फिट येते का?" असं विचारत दारात गेलात तर उत्तर ठरलेलं, "न्हाई ओ, आमच्यात तसलं काय न्हाई." त्यामुळं पाहणी करणारे आजाराचं नाव घेतच नाहीत. ते विचारतात, घरात कुणी एकदम पडून, जीभ चावून, कपडे ओले होऊन, नंतर तासभर भांबावल्यासारखं झालंय का? मग आजी आतून म्हणते, "धाकट्या सुनंला झालं हुतं की दिवाळीत." सून स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. संशोधनाच्या पानावर जी एक रेघ येते, तिच्यामागं अशी एक सून उभी असते.

तिच्या गोळ्यांचं मी बघितलंय. माहेरहून येताना गोळ्यांची पट्टी साड्यांच्या घड्यांत दडवून आणायची, सासूच्या नजरेला पडू नये म्हणून दोन-चार दिवस चुकवायच्या, आणि मग सासरच्या पहिल्या सणाला सगळ्यांच्या देखत फिट यायची. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही लग्नाला आडवी येणारी गोष्ट म्हणून लिहिलेली होती. १९९९ च्या दुरुस्तीनं तो शब्द काढून टाकला. कायद्यातून गेला, पण बघायच्या कार्यक्रमातून अजून गेलेला नाही. आणि लग्न झालेल्या, मूल होऊ द्यायचा विचार असलेल्या मुलींना एक आवर्जून सांगायचंय. व्हॅल्प्रोएट नावाच्या औषधानं गर्भात व्यंग यायचा धोका इतर औषधांपेक्षा जास्त असतो, हे केरळसह अनेक ठिकाणच्या नोंदवह्यांतून पक्कं झालंय. पण म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही. दिवस राहायच्या आधी डॉक्टरांना गाठायचं आणि औषध बदलता येतं का ते बघायचं.

औषधं नवीनच लागतात असंही नाही. फेनोबार्बिटल फिट्स रोखतं हे १९१२ मध्ये आल्फ्रेड हाउप्टमान या जर्मन डॉक्टरांच्या लक्षात आलं. शंभर वर्षं उलटून गेली, अजून ते वापरात आहे आणि स्वस्त आहे. शेजारच्या कर्नाटकात, येळंदूर भागातल्या खेड्यांत डॉ. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी रुग्ण शोधले आणि हेच फेनोबार्बिटल किंवा फेनिटॉइन सुरू केलं. २००१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. साधी औषधं खेड्यात नीट चालली. आणि उपचाराआधी ज्यांना फिट्स कमी येऊन गेल्या होत्या त्यांना गुण जास्त आला. देवऋषी, गंडा-दोरा, पलीकडच्या गावचा वैदू अशी फेरी मारून आमच्याकडे येईपर्यंत जी वर्षं जातात, त्यांचा हा हिशेब आहे.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोतल्या एका अभ्यासात पहिल्याच औषधानं ४७ टक्के नव्या रुग्णांच्या फिट्स थांबल्या. एकंदरीत दहातल्या सहांना आराम पडला. दोन औषधं नीट घेऊनही फिट थांबत नसेल, तर तिसऱ्या-चौथ्यानं थांबायची शक्यता बरीच घटते. अशा वेळी डॉक्टर बदलत बसण्यापेक्षा मोठ्या केंद्रात जाऊन शस्त्रक्रियेचा विचार होतो का ते विचारावं. काहींच्या बाबतीत ती फार चांगली लागू पडते.

आता कोबी. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. "डॉक्टर, कोबीतली अळी डोक्यात जाते म्हणं?" नाही जात. कोबीतली हिरवी अळी शिजली की मेली, पोटात गेली तरी पचून जाते. मेंदूत गाठ करतो तो डुकराच्या मांसातून येणारा फीतकृमी. तो माणसाच्या आतड्यात राहतो, त्याची अंडी शौचातून बाहेर पडतात. उघड्यावरच्या शौचातून ती माती-पाण्यात, तिथून न धुतलेल्या भाजीवर किंवा हातावर येतात आणि पोटात जातात. त्या अंड्यांतून निघालेली अळी मग मेंदूत जाऊन गाठ धरते. तमिळनाडूच्या वेल्लोर जिल्ह्यात घरोघरच्या पाहणीत, फिट्स चालू असलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांच्या मेंदूत याच कृमीच्या खुणा सापडल्या. डुकराचं मांस न खाणाऱ्या, माळकरी माणसालाही हे होतं, ते या अंड्यांमुळं. कोबी बिचारा उगाच बदनाम झाला. तो पानं सुटी करून धुवा, आणि संडासाहून आल्यावर साबणानं हात धुवा.

जाता जाता एक गंमत, खरं तर गंमत नव्हे. दक्षिण भारतात, विशेषतः कर्नाटकात, डोक्यावरून कढत पाणी ओतल्यावर येणाऱ्या फिट्सचा बराच अभ्यास झालाय. बंब पेटवून तांब्यानं डोक्यावर वाफाळतं पाणी घेणारे आपल्याकडेही कमी नाहीत. अंघोळीतच फिट येत असेल, तर ते डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

शेवटी कागल तालुक्यातल्या एका मावशींची गोष्ट सांगतो आणि थांबतो. त्यांचा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, घरचा ऊस. गोळ्या वेळेवर, तरी अधूनमधून फिट. मावशींचं म्हणणं ठाम होतं, "अवसंलाच येती बघा. अवस चुकत न्हाई." मी म्हटलं, "मावशी, पुढच्या महिन्यांत प्रत्येक फिट कॅलेंडरवर लिहा." त्यांनी लिहिलं. सहा महिन्यांनी भिंतीवरचं कॅलेंडरच खिळ्यासकट उचकटून पिशवीत घालून घेऊन आल्या. प्रत्येक तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब होता, निळ्या पेनानं एक लिटर, दीड लिटर. आणि काही चौकोनांत कुंकवाचा एकेक टिपका.

आम्ही दोघं टेबलावर वाकून बघत बसलो. कॅलेंडरवर अमावास्या छापलेल्याच असतात, त्यामुळं ताडून बघायला वेळ लागला नाही. नऊ टिपके. अमावास्येवर एकच. मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनीच एका टिपक्यावर बोट ठेवलं, दुसऱ्यावर ठेवलं, आणि म्हणाल्या, "ह्या आठवड्यात रातची लाईट हुती. ह्या बी."

शेतीपंपाला एक आठवडा दिवसा वीज, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात पोरगा उसाला पाणी पाजायला रानात जागा असायचा. आठ टिपके त्याच आठवड्यांतले होते. झोप मोडली की फिटचा उंबरठा खाली येतो, म्हणजे फिट सहज येते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मावशींनी ते कुंकवानं दाखवून दिलं.

आता रात्रीचं पाणी त्याचा चुलता पाजतो. विहिरीच्या काठी अंधारात एकटं जायचं नाही, हेही त्यातच आलं. मागच्या वेळी मावशी आल्या तेव्हा नवं कॅलेंडर घेऊन आल्या होत्या. दुधाचा हिशेब होता. कुंकवाचा एक टिपका होता, तो सापडायला मला चष्मा लावावा लागला.

नमस्कार.