पेटंट ‘आमच्याकडे’ आहे, म्हणजे नेमके कोणाकडे?

नमस्कार मंडळी. माझ्यासमोरच्या या कागदावर रत्नागिरीजवळच्या काळबादेवी किनाऱ्यावरची चिमूटभर वाळू आहे. कागदाखालून चुंबक फिरवला की काळे कण पांढऱ्या कणांतून वाट काढत कसे एका कडेला येतात, ते पाहा. लगेच ओढले जातात ते मॅग्नेटाइटचे कण. याच वाळूत टायटॅनियमचे खनिज असलेले इल्मेनाइटही असते. पण त्याला चुंबक बेताचाच ओढतो, म्हणून ते वेगळे काढायला याहून बराच जोरदार चुंबक लागतो. आता एखादी कंपनी म्हणाली, की वाळूतून खनिज वेगळे करण्याचे पेटंट आमच्याकडे आहे, तर चुंबक सगळ्यांना ठाऊक असताना त्यात नवे काय, हा पहिला प्रश्न मनात यायला हवा. माझ्या मते दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे: ‘आमच्याकडे’ म्हणजे नेमके कोणाकडे?

हा प्रश्न मला वेंगुर्ल्याच्या माझ्या मामांमुळे पडला. मामा निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांच्या डिमॅट खात्यात एका छोट्या खाण कंपनीचे ८०० शेअर आहेत. त्या कंपनीचे नाव मी घेणार नाही आणि शेअर घ्या किंवा विका असेही सांगणार नाही. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात अशा कंपनीला ज्युनियर म्हणतात: अजून खनिज विकत नाही, शोध आणि चाचण्या चालू आहेत, उत्पन्न जवळजवळ शून्य आहे आणि खर्च भागतो तो नवे शेअर काढून. अशीच एक, कॅनडातल्या कॅलगरीच्या ब्री-एक्स कंपनीने इंडोनेशियातल्या बुसांग इथे सोन्याचा प्रचंड साठा असल्याचे जाहीर केले होते. खडकाच्या नमुन्यांत सोने बाहेरून मिसळलेले होते, हे १९९७ मध्ये उघड झाले आणि शेअरची किंमत मातीमोल झाली. त्यानंतर कॅनडाने साठ्यांच्या अहवालासाठी कडक नियम केले. साठ्याविषयी लोक आता प्रश्न विचारतात, पेटंटचा शब्द मात्र तपासल्याशिवाय गिळतात.

आधी एक गैरसमज दूर करू. पेटंट खनिजावर मिळत नाही. निसर्गात आधीपासून असलेला पदार्थ शोधून काढणे हा भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार पेटंटयोग्य शोध नाही. पेटंट मिळते ते खनिज वेगळे किंवा शुद्ध करण्याच्या नव्या पद्धतीवर, आणि जमिनीखालचे खनिज उचलण्याचा हक्क येतो तो खाणपट्ट्यातून, म्हणजे खाणीच्या परवान्यातून. म्हणजे पद्धत आहे आणि पट्टा नाही अशी कंपनी म्हणजे घाणा आहे पण नारळ नाहीत अशी स्थिती.

आता कंपनीच्या पत्रकातले शब्द जपून वाचा. ‘आमचे पेटंट प्रकाशित झाले’ या वाक्यात काहीही मिळालेले नसते, कारण अर्ज केल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या साप्ताहिक जर्नलमध्ये आपोआप छापला जातो. त्याची तपासणी व्हायची असते आणि पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही त्याला विरोध करू शकतो. ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ हा शब्द तर मला सर्वांत करमणुकीचा वाटतो, कारण सगळ्या जगात चालेल असे पेटंटच अस्तित्वात नाही. आंतरराष्ट्रीय करारानुसार एकच अर्ज करता येतो, पण पुढे प्रत्येक देशात वेगळी तपासणी होते आणि पेटंट मिळते ते त्या त्या देशापुरते.

(पडद्यावर: भारतीय पेटंट कार्यालयाच्या शोधपानाचे चित्र)

पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकला की अर्जदार, शोधकर्ता आणि अर्जाची सद्यस्थिती दिसते. मामांच्या कंपनीच्या बाबतीत अर्जदार म्हणून कंपनीचे नाव नव्हते. प्रवर्तकांपैकी, म्हणजे कंपनी उभी करून ताब्यात ठेवणाऱ्यांपैकी, एका व्यक्तीचे नाव होते. यात बेकायदा काही नाही. शोध लावणारा स्वतःच्या नावे अर्ज करू शकतो आणि नंतर तो हक्क कंपनीला देऊ शकतो. मात्र मंजूर पेटंट हस्तांतरित झाले असे म्हणायचे असेल, तर कलम ६८ प्रमाणे तो करार लेखी हवा, आणि कंपनीने त्याची नोंद पेटंट नोंदवहीत करून घ्यायला हवी. नोंदवहीत कंपनी नसेल तर पद्धत प्रवर्तकाची आणि कंपनी तिची भाडेकरू, असे समजून पुढचा हिशेब मांडावा.

मंजूर पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे चालते, पण तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरणाची फी भरली तरच. छोट्या कंपनीला सुरुवातीच्या वर्षांत ही फी काहीशे रुपये पडते. ज्या पद्धतीवर कंपनीचे सगळे भवितव्य टांगले आहे, तिची एवढीशी फी थकलेली दिसली, तर वार्षिक अहवालातली चकचकीत छायाचित्रे बाजूला ठेवून विचार करावा.

इथून आपण पेटंटकडून कारभाराकडे येतो. वार्षिक अहवालाच्या हिशेबी टिपांमध्ये ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’, म्हणजे प्रवर्तक, त्यांचे नातेवाईक किंवा त्यांच्या इतर कंपन्यांशी झालेले व्यवहार, अशी एक टीप असते. तिथे प्रवर्तकाला तंत्रज्ञान फी किंवा रॉयल्टी गेली आहे का, ते पाहा. आपल्या चिरेखाणवाल्यांना रॉयल्टी म्हटले की सरकारला भरायची रक्कम आठवते. ही रॉयल्टी वेगळी, ही पद्धत वापरण्याचा मोबदला म्हणून आपल्याच पैशातून आपल्याच प्रवर्तकाकडे जाते. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिच्या २०१५ च्या नियमांनुसार संबंधित पक्षाला दिलेली रॉयल्टी कंपनीच्या वार्षिक उलाढालीच्या ५ टक्क्यांहून अधिक झाली, की भागधारकांची मंजुरी लागते, आणि त्या ठरावाच्या बाजूने संबंधित पक्षांना मत देता येत नाही. उलाढालच नगण्य असलेल्या कंपनीत ही मर्यादा लगेच ओलांडली जाते, हे छोट्या भागधारकाच्या फायद्याचे आहे.

पण गंमत इथेच आहे. भरणा झालेले भांडवल १० कोटींपर्यंत आणि नक्त मत्ता (मालमत्तेतून देणी वजा करून उरते ती) २५ कोटींपर्यंत असलेल्या कंपनीला याच नियमांतल्या कारभारविषयक बऱ्याच तरतुदींतून सूट असते. म्हणजे जिथे पाळत सर्वांत अधिक हवी, तिथेच कुंपण कमी. म्हणून अहवाल हाती येताच कंपनीला ही सूट लागू आहे का, हे आधी पाहा. लागू असेल तर हिशेबी टीप हाच तुमचा मोठा आधार उरतो.

प्रवर्तकांना वॉरंट, म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याचा हक्क, देण्याचा ठराव आला तर त्यावरही नजर ठेवा. सुरुवातीला किमान २५ टक्के रक्कम भरून १८ महिन्यांपर्यंत शेअर घ्यायचा हक्क राखता येतो, आणि प्रत्यक्ष शेअर निघाले की मामांच्या ८०० शेअरचा कंपनीतला वाटा तेवढा घटतो.

‘आपले कोण ऐकतो?’ असे मामा म्हणाले, तेव्हा मी त्यांना कंपनी कायद्याचे कलम १५१ दाखवले. ज्यांच्याकडच्या शेअरचे दर्शनी मूल्य (बाजारभाव नव्हे, कंपनीने ठरवलेली मूळ किंमत) २०,००० रुपयांपर्यंत आहे, ते कायद्याने छोटे भागधारक. असे १,००० जण किंवा एकूण छोट्या भागधारकांपैकी एक दशांश, यांतली जी संख्या कमी असेल तेवढ्यांनी नोटीस दिली, तर शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीत त्यांचा एक संचालक नेमण्याची वाट उघडते. दहा रुपये दर्शनी मूल्याने मामांचे ८,००० रुपये होतात, म्हणजे ते या व्याख्येत आरामात बसतात. ही तरतूद क्वचितच वापरली जाते, कारण विखुरलेल्या भागधारकांच्या सह्या गोळा करणे सोपे नसते.

सोपा मार्ग सर्वसाधारण सभेचा आहे, पण त्यात मामा गेल्या वर्षी फसले. सभेची सूचना पूर्ण २१ दिवस आधी येते आणि दूरस्थ ई-मतदान सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होते. मामांनी ई-मतदान सुरू होताच मोबाइलवरून सगळ्या ठरावांना ‘होय’ करून टाकले आणि पेटंटचा प्रश्न सभेत विचारला. उत्तर मिळाले, की पेटंट ‘समूहाकडे’ आहे. एकदा मत दिलेल्याला सभेला बसता येते, मत बदलता येत नाही. यंदा सूचना आली त्याच रात्री त्यांनी कंपनी सचिवांना एका ओळीचा ईमेल केला: ‘पेटंट कंपनीच्या नावे करण्याचा करार कोणत्या तारखेचा आहे आणि त्याची नोंदवहीतली नोंद कधी झाली?’ उत्तर अद्याप यायचे आहे, आणि मामांनी मत अजून दिलेले नाही.