एका पायाभोवती सातजण

(पावसातली शेतं. इरली पांघरून वाकलेल्या बाया.)

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका. मलप्रभा नदी जिथं उगम पावते ते कणकुंबी याच तालुक्यातलं. जुलैत इथं दिवस दिवस चिखलात लावणी चालते, अनवाणी.

(स्टुलावर ठेवलेलं पाऊल.)

हे पाऊल त्याच चिखलातून आरोग्य शिबिरात आलंय. अंगठ्याखाली नखाएवढी जखम. कधी झाली, आजींना ठाऊक नाही. दुखलीच नाही. मधुमेहात नसा अशाच बधिर होत जातात, गुपचूप.

सिस्टरच्या हातात नायलॉनचा धागा आहे. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो, त्यामुळे कुणीही टेकवला तरी जोर सारखाच.
"डोळे मिटा आजी. कळलं की होय म्हणा."
एक ठिकाण. दुसरं. तिसरं.
आजी गप्प.

डॉक्टरांनी लिहिलं, अनवाणी चालू नये. एरवी तपासणी इथंच संपते. पण दारातून गावच्या आशा कार्यकर्त्या, आशाताई, म्हणाल्या, "साहेब, चिखलात चप्पल रुतती. लावणीला कोण घालणार?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आमच्या मते आजच्या शिबिरात सगळ्यात मोलाचं काही घडलं असेल तर हेच.

मग खुर्च्या जवळ आल्या. जखम भरेपर्यंत लावणी बंद, आशाताई घरच्यांशी बोलणार. आहारतज्ज्ञ बाईंनी भात सोडायला सांगितलं नाही, सांगून कोण ऐकणार? वाटी पुढं केली, एवढाच, बाकी भाजी. पाटी कन्नड, चिठ्ठी इंग्रजी, आजी मराठी. म्हणून औषधवाल्यानं पाकिटांवर सूर्य आणि चंद्र काढले.

(कागदावर पेन्सिलीनं पावलाची रेघ.)

फिजिओथेरपिस्ट माप घेतायत. कोल्हापुरी चप्पल आमच्या अथणी-निपाणीकडंही बनते. २०१९ च्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हा आहेच. पण तो कडक चामडी तळ बधिर पायाला चालत नाही. इथं लागतं मऊ, बारीक छिद्रांचं एमसीआर रबर, कुष्ठरुग्णांच्या चपलांना वापरतात तेच. कारागीर जखमेखालची जागा बोटानं चाचपतो आणि तेवढाच भाग कोरून खोल करतो, भार तिथं पडू नये म्हणून. पट्टा मागून बांधायचा. आत खिळा एकही नाही.

गणपतीपर्यंत जखम भरली.

(उंबऱ्याबाहेर नवी चप्पल.)

घरात मात्र आजी ती घालत नाहीत. समोर देव्हारा आहे. आशाताईंचं समजावणं चालू आहे.