गणिताच्या सेमिनारला कोणी जायचं?

नमस्कार मंडळी. गणित शब्द ऐकून लगेच स्टेशन बदलू नका, आज पाढे विचारणार नाहीये. युनिव्हर्सिटीच्या गणित डिपार्टमेंटमध्ये जे सेमिनार होतात ना, त्यांच्याबद्दल जरा गप्पा मारायच्यात.

आता सेमिनार म्हटलं की आपल्याकडे काय डोळ्यासमोर येतं? मागे भलामोठा फ्लेक्स, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्राचार्यांचं मनोगत, मग पाहुण्यांचा परिचय जो पाहुण्यांच्या भाषणापेक्षा लांब, आणि हे सगळं आटपेपर्यंत साडेबारा वाजतात, मग त्या बिचाऱ्या वक्त्याला चिठ्ठी जाते, सर जरा आवरतं घ्या, जेवण तयार आहे. दुपारी निम्मा हॉल रिकामा आणि सर्टिफिकेट वाटायच्या वेळी परत फुल्ल! खोटं कशाला बोलू, मला ह्यात गणित फारसं सापडत नाही.

खरा सेमिनार असतो तो दर आठवड्याचा. नोटीस बोर्डावर एक साधा कागद, त्यावर वक्त्याचं नाव, विषय, खाली चार ओळींचा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे सारांश (तो निम्म्या लोकांना कळत नाही, कोणी मनावर घेत नाही), वेळ दुपारी चार, आणि त्याआधी चहा. पंधरा-वीस माणसं, फळा आणि खडू. आजही बरेच गणितवाले स्लाइड्सपेक्षा खडूच पसंत करतात, कारण हाताने लिहायला वेळ लागतो आणि तेवढ्यात ऐकणाऱ्याचं डोकं मागून येऊन गाठतं. डिपार्टमेंटमध्ये एक जुना जोक आहे की तासभराच्या भाषणातली पहिली वीस मिनिटं सगळ्यांसाठी, मधली वीस त्या विषयातल्या लोकांसाठी आणि शेवटची वीस फक्त वक्त्यासाठी. जोक कसला, बऱ्याचदा तसंच होतं. पण खरी मजा प्रश्नांत असते.

मॉस्को युनिव्हर्सिटीत इस्राएल गेलफांड म्हणून मोठे गणिती होते, त्यांचा सेमिनार सोमवारी संध्याकाळी भरायचा, १९४३ साली सुरू झाला आणि चाळीसहून जास्त वर्षं चालला. वक्ता बोलतोय आणि हे मध्येच थांबवणार, समोर बसलेल्या एखाद्या पोराला उठवून विचारणार, सांग बरं ह्यांनी आत्ता काय सांगितलं? पोराला नाही सांगता आलं तर वक्त्याने परत समजवायचं. वक्त्यांची काय हालत होत असेल विचारू नका, अपमानही व्हायचे म्हणतात आणि ते काही मला पटत नाही, पण ‘मला कळलं नाही’ हे वाक्य तिथे रोजच्या वापरातलं होतं, आपल्याकडे ते तोंडातून निघतच नाही.

बरं, प्रश्नाने काय होतं ते बघा, कागद-पेन घ्या. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, युनिव्हर्सिटीत नोकरी नाही, पोस्ट ग्रॅज्युएट डिग्री नाही, पण परिषदांना आवर्जून जायचे. त्यांचं ते प्रसिद्ध ६१७४. चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नकोत, समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावा, ५४३२, चढत्या क्रमाने लावा, २३४५, वजाबाकी ३०८७. परत तेच करा, ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. परत एकदा, ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ह्याचं पुन्हा करा, ७६४१ वजा १४६७, परत ६१७४च! कुठलाही आकडा घ्या, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत इथेच येऊन थांबतो.

गंमत आहे म्हणून टाळ्या वाजवून घरी जाता येईल. पण सेमिनारमध्ये मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतं, तीन अंकी घेतला तर? तर ४९५वर थांबतो. मग दुसरा विचारतो, दोन अंकी? तिथे मात्र थांबतच नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९, गोल गोल फिरत बसतो. पाच अंकी घेतला तरी असाच कुठल्यातरी चक्रात अडकतो. म्हणजे तीन आणि चार अंकांतच असं काय आहे? हा प्रश्न आला की चहा गार होतो, तीन माणसं फळ्यापाशी जमतात आणि सेमिनार तिथून पुढे खरा चालू होतो.

आपल्या मुंबईतही हे मोठ्या प्रमाणावर झालंय हं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, आपण टीआयएफआर म्हणतो ती, १९५६ साली झीटा फंक्शन्सवर, म्हणजे अविभाज्य संख्यांच्या अभ्यासात लागणाऱ्या फंक्शन्सवर, आंतरराष्ट्रीय परिषद घेतली. कुलाब्याची आत्ताची इमारत तेव्हा पूर्ण व्हायची होती. तिथे नॉर्वेचे आटले सेलबर्ग यांनी त्यांचं ट्रेस फॉर्म्युलाचं (एखाद्या पृष्ठभागावरच्या बंद वाटांच्या लांब्या आणि त्याच्या कंपनांचे सूर यांना जोडणारं सूत्र) काम मांडलं आणि तो पेपर इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये छापला गेला. जगभर आजही त्याचा दाखला देतात.

मला मात्र परिषदेपेक्षा तिथली दुसरी पद्धत जास्त आवडते. परदेशातून मोठा गणिती यायचा, काही आठवडे लेक्चर द्यायचा, आणि त्याच्या नोट्स लिहायचं काम तिथल्या तरुण मुलांकडे. फ्रान्सचे लोराँ श्वार्त्झ, १९५०चे फील्ड्स मेडलवाले (गणितातला सगळ्यात मानाच्या पुरस्कारांपैकी एक), त्यांच्या लेक्चरच्या नोट्स एम. एस. नरसिंहन यांनी लिहिल्या, तेव्हा ते विशीत होते. नोट्स लिहायच्या म्हणजे अर्धवट समजून भागत नाही, रोज जाऊन विचारावंच लागतं. पुढे ह्याच नरसिंहन आणि टीआयएफआरमधलेच त्यांचे सहकारी सी. एस. शेषाद्री यांचं, भूमिती आणि बीजगणित जोडणारं १९६५चं प्रमेय जगात गाजलं. टीआयएफआरच्या अशा लेक्चरच्या बऱ्याच नोट्स आज नेटवर फुकट मिळतात.

तुम्ही म्हणाल, आम्ही कॉमर्सवाले, आम्ही कुठे जायचं? अहो, २२ डिसेंबरला रामानुजनच्या जन्मदिवशी राष्ट्रीय गणित दिवस असतो, बऱ्याच डिपार्टमेंटमध्ये त्या आठवड्यात सगळ्यांना कळेल असं भाषण ठेवतात. १४ मार्चला आंतरराष्ट्रीय गणित दिवस. नोटिशीत ‘पब्लिक लेक्चर’ लिहिलं असेल तर बिनधास्त जा. ‘कलोक्वियम’, म्हणजे सगळ्या डिपार्टमेंटसाठीचं भाषण, लिहिलं असेल तर पहिली वीस मिनिटं तरी पदरात पडतील, आणि नुसतं ‘सेमिनार’ असेल तर आधी ऑफिसात फोन करून विचारा, बाहेरच्यांना चालतं का, गेटवर ओळखपत्र लागतं का. आणि पोचा मात्र पावणेचारलाच, चहा तेव्हाच असतो.