हातचा येतो कुठून?

नमस्कार श्रोतेहो.

आज घरातल्या गणिताबद्दल बोलायचंय. ज्यांच्या घरी पहिली ते चौथीची मुलं आहेत त्यांनी जरा आवाज वाढवा. कणीक मळता मळता ऐकलंत तरी चालेल.

सांगायची गोष्ट एकच आहे आणि ती मी दोन-तीनदा सांगणार आहे. गणित आधी हातात, मग तोंडात आणि वहीत सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत हे उलटं चालतं. मूल शाळेतून आलं की वही उघडायची, वीस गणितं घालायची आणि चुकली की आणखी वीस. ‘असर’ नावाची पाहणी घरोघरी जाऊन मुलांना साधी वजाबाकी घालते, हातच्याची. 2024 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या 100 पैकी सुमारे 34 मुलांनाच ती जमली. तीन मुलांत एक! ही मुलं मंद नाहीत हो. त्यांनी हातचा कधी हातात घेतलेलाच नाही.

आणि एक सांगते, मूल बोटांवर मोजत असेल तर त्याला रागावू नका. बोटं दहा आहेत म्हणून तर आपण दहा-दहानं मोजतो. मोजू द्या. वेळ आली की बोटं आपोआप थांबतात.

आता एक हकीकत सांगते. ही मला सांगायला फार आवडते.

नागपूरच्या महाल भागात एका जुन्या वाड्यात एक आजी राहायच्या. त्यांचं आणि माझ्या आईचं माहेर एकाच गावचं, म्हणून माझं तिथे जाणं-येणं. आजींनी लाख वातींचा संकल्प सोडला होता. रामटेकच्या गडावर त्रिपूर जळतो ना, त्या त्रिपुरी पौर्णिमेला वाती लावायच्या होत्या. वर्ध्याकडच्या शेतातला कापूस घरी यायचा, आजी ओसरीवर बसून सरकी काढायच्या, पेळू करायच्या आणि मांडीवर वाती वळायच्या. हल्ली वाती दुकानातून पाकिटात येतात. पाकिटावर शंभर लिहिलेलं असतं, पण त्या शंभर आहेत का हे कोणी मोजून बघत नाही. असो.

त्यांचा नातू तेव्हा तिसरीत होता. आई त्याला घेऊन रोज वजाबाकीला बसायची. बेचाळीसातून सतरा गेले की हा लिहायचा पस्तीस. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढायचे, पाच. चारातून एक, तीन. लहानातून मोठा जात नसला की मुलं मोठ्यातून लहान काढतात. हजारो मुलं हेच करतात. आई म्हणायची, “अरे, हातचा घे नं!” तो वरच्या चारावर काट मारून तीन लिहायचा, आणि तो सुटा झालेला एक कुठे ठेवायचा हे काही त्याला कळायचं नाही. रोज रडारड.

एका संध्याकाळी आजींनी हाक मारली, “काय करून राहिला रे बापू? इकडे ये. माह्या वाती मोजून दे.”

मोजायची रीत आजींची होती. दहा वाती झाल्या की लाल दोऱ्यानं बांधून जुडी. दहा जुड्या झाल्या की वर्तमानपत्रात गुंडाळून पुडकं. दहा पुडकी झाली की ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. असे शंभर डबे भरले की लाख. पोरगा रमला. त्याला कोणी दशक म्हणालं नाही, शतक म्हणालं नाही. दहाव्या वातीला दोरा बांधायचा, एवढंच त्याला माहीत.

काही दिवसांनी आजींनी त्याच्यापुढे चार जुड्या ठेवल्या आणि दोन सुट्या वाती. म्हणाल्या, “यातल्या सतरा दे मले.”

त्यानं एक जुडी उचलून दिली. मग सात सुट्या द्यायच्या होत्या. समोर दोनच. तो त्या दोन वातींकडे बघत राहिला.

“आजी, सुट्या तर दोनच आहेत.”

“मग जुडी सोड नं! कोणी धरलं तुले?”

गाठ पक्की बसली होती. तो दातानं सोडायला गेला तशा आजी ओरडल्या, “दात नको लावू, उष्ट्या होतील देवाच्या वाती!” मग त्यानं नखानं उकलून उकलून दोरा काढला. दहा वाती मांडीवर पसरल्या, आधीच्या दोन त्यात मिसळल्या, बारा झाल्या. सात मोजून दिल्या. उरल्या दोन जुड्या आणि पाच सुट्या. पंचवीस. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. हीच वजाबाकी ती महिनाभर वहीत करून घेत होती.

खरी गंमत पुढे आहे. शेजारच्या वाड्यातल्या काकू एक दिवस उसन्या वाती मागायला आल्या, त्यांच्या पूजेला सत्तावीस कमी पडत होत्या. त्या वेळी बाहेर तीन पुडकी होती फक्त. जुडी एकही नाही, सुटी एकही नाही. तीनशेतून सत्तावीस! मोठी मोठी मुलं इथे अडखळतात, कारण मधे दोन शून्यं बसलेली असतात आणि शून्याकडून उसनं काय मागणार? हा पोरगा अडला नाही. त्यानं एक पुडकं फोडलं, दहा जुड्या निघाल्या. त्यातली एक जुडी सोडली, दहा सुट्या झाल्या. दोन जुड्या आणि सात सुट्या काकूंच्या ओंजळीत दिल्या. उरलं काय? दोन पुडकी, सात जुड्या, तीन सुट्या. दोनशे त्र्याहत्तर. काकूंनी घरी जाऊन पुन्हा मोजल्या म्हणे. बरोबर सत्तावीस भरल्या.

त्याच रात्री त्यानं आजींना विचारलं, “रोज पाचशे वाती केल्या तर लाख व्हायला किती दिवस?” आणि स्वतःच सांगितलं, दोन दिवसांत एक डबा, डबे शंभर, म्हणजे दोनशे दिवस. भागाकार त्याला शाळेत अजून नीट आला नव्हता.

तर श्रोतेहो, वाती नसतील तर खराट्याच्या काड्या घ्या, रबर घ्या. दहाची जुडी, दहा जुड्यांचं पुडकं. जुडी मुलानंच बांधायची आणि मुलानंच सोडायची, आपण हात लावायचा नाही. हातचा म्हणजे सोडलेली जुडी. पुन्हा सांगते, हातचा म्हणजे सोडलेली जुडी. हातात हे बसलं की तोंडानं बोलायला लावा, “एक जुडी सोडली, दहा सुट्या आल्या.” वही त्यानंतर.

संख्यांच्या नावांचंही जरा बघा. एकोणचाळीस म्हटलं की मूल बिनदिक्कत 49 लिहितं, कारण कानावर चाळीस पडतं. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं एकवीस-बावीसचं वाचन आलं तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला! गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, त्यांनी शांतपणे बाजू मांडली. मला तर दोन्ही हवं वाटतं. घरी एकोणचाळीस म्हणा, आणि लगेच तीन जुड्या नऊ सुट्याही म्हणा.

आणि पाढे? पाढे पाठ झालेच पाहिजेत. समजून घ्या आणि पाठही करा, यात भांडण कसलं? आमच्या वडिलांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊणचे पाढे यायचे. संत्री साठ रुपये डझन असली तर पाऊण डझनाचे पंचेचाळीस हे त्यांच्या तोंडून पिशवी उघडायच्या आत निघायचं. शिकवणीला पैसे भरण्यापेक्षा पहिलीच्या मुलाला रोज झोपताना एक पाढा म्हणून दाखवा. पहिलीच्या मुलाला शिकवणी लावणं मला मुळीच पटत नाही.

दुसरी गोष्ट फोनची. आता दहा रुपयांची सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेतली तरी फोन पुढे करतो आपण. चिल्लर घरातून गेली, आणि तिच्याबरोबर मुलांची रोजची वजाबाकीही गेली. भाजीवाली बाई उरलेले पैसे कसे देते ते ऐका कधी. पासष्टची भाजी झाली, शंभराची नोट दिली, तर ती पासष्टवरून वर चढते: पाच दिले, सत्तर झाले, तीस दिले, शंभर झाले. ही पण वजाबाकीच आहे, आणि चोख आहे. मुलानं वहीत अशी केली तर चूक म्हणू नका.

येत्या रविवारी गोकुळपेठेत नाहीतर कॉटन मार्केटला भाजीला जाल, तेव्हा मुलाला बरोबर न्या. फोन पर्समध्ये राहू द्या. नोट त्याच्या हातात द्या, भाव त्याला विचारू द्या, परत आलेले पैसे त्यालाच मोजू द्या. वेळ लागेल. मागे गर्दी असेल तर जरा बाजूला होऊन उभे राहा, पण त्याच्या हातून पैसे घेऊन आपण मोजू नका.

नमस्कार.