अकराव्या मजल्याचा पास

नववीत नव्याने आलेल्या पोरांना वरच्या वर्गातली मुलं इथे गुपचूप एक पास विकतात. अकराव्या मजल्यावरच्या स्विमिंग पूलचा. पूल खराच आहे, पण तळाशी. आणि इमारत १० मजल्यांची!

न्यूयॉर्कमधलं हे स्टायव्हसंट हायस्कूल. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, हडसन नदीकाठी. सरकारी शाळा, फी नाही. १९०४ साली सुरू झाली ती मुलांना हातकाम शिकवायला. गणित-विज्ञानाचा दबदबा नंतरचा. मुलींसाठी दार उघडलं थेट १९६९ साली, तेही १३ वर्षांच्या ॲलिस डी रिव्हेरा हिने कोर्टात धाव घेतल्यावर. पण तिचं कुटुंब तोवर शहर सोडून गेलं. ती स्वतः इथल्या बाकावर कधी बसलीच नाही.

शाळेत शिरायचं कसं? आठवीत एकच परीक्षा. तीन तास, इंग्रजी आणि गणित. वर्गातले मार्क, मुलाखत, कुणाची चिठ्ठी, काही चालत नाही. १९७१च्या राज्याच्या कायद्यातच तसं लिहिलंय, त्यामुळे महापौरालाही परस्पर हात लावता येत नाही. साहजिकच क्लासेस आले. क्वीन्समधल्या फ्लशिंगचे क्लास पाहिले की आपल्याला लातूर आठवतं.

रोआल्ड हॉफमन याच शाळेचा. नाझी काळात तो आणि त्याची आई युक्रेनमधल्या एका गावात शाळेच्याच माळ्यावर लपून राहिले. खाली मुलं खेळायची, हा वरून बघायचा. ११ वर्षांचा असताना अमेरिकेत आला, १९५५ला स्टायव्हसंटमधून बाहेर पडला, १९८१ला रसायनशास्त्राचं नोबेल.

आता दुसरी बाजू. २०१९ साली शाळेने ८९५ मुलांना प्रवेश देऊ केला. त्यांत कृष्णवर्णीय किती? ७. शहराच्या सरकारी शाळांत मात्र तेव्हा दर चार मुलांत साधारण एक कृष्णवर्णीय. आदल्या वर्षी महापौर बिल डी ब्लासिओ यांनी परीक्षाच रद्द करायचा प्रस्ताव आणला होता. विधिमंडळात तो अडकला. विरोधात रस्त्यावर उतरले ते बरेचसे चिनी वंशाचे पालक. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमच्याकडे ना पैसा, ना ओळख. हीदेखील परीक्षा काढून घेतलीत, तर आमच्या पोरांनी आत यायचं कुठून?