उभे रस्ते, आडवी शेतं

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे चित्रकारांच्या जगात एक जुनी उतरंड आहे. पेंटिंगवाले वर, कमर्शियलवाले खाली. जे. जे. स्कूलमध्ये १९३५ साली कमर्शियल आर्टचा, म्हणजे जाहिरातीसाठीच्या चित्रकलेचा, विभाग निघाला. पुढे त्याला ‘उपयोजित कला’ असं भारदस्त नाव मिळालं, पण उतरंड काही मोडली नाही. एखादा लेआउट, म्हणजे जाहिरातीची मांडणी, करणारा माणूस निसर्गचित्रं काढायला लागला की मित्र म्हणतातच, "चला, सुटला बिचारा!"

आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, ते अमेरिकन चित्रकार वेन टीबो असे सुटले वगैरे नाहीत. जाहिरातीच्या टेबलावर शिकलेलं सगळं त्यांनी निसर्गचित्रात आणलं. मला तर वाटतं, ती चित्रं इतकी वेगळी दिसतात ती त्यामुळेच.

टीबोंचा जन्म १९२० चा, अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातला. शाळकरी वयात एक उन्हाळा डिस्नेच्या स्टुडिओत उमेदवारी केली. मग साइनबोर्ड रंगवायला शिकले, युद्धकाळात हवाई दलाच्या तळावरच्या वर्तमानपत्रासाठी चित्रपट्टी काढली आणि युद्धानंतर रेक्सॉल या औषधविक्रीच्या कंपनीत जाहिरातींचे लेआउट केले. चित्रकलेची पदवी त्यानंतरची. त्यांचं नाव झालं ते १९६२ साली, न्यूयॉर्कच्या अ‍ॅलन स्टोन गॅलरीत मांडलेल्या केक आणि ‘पाय’ नावाच्या गोड पदार्थाच्या चित्रांमुळे. समीक्षकांनी लगेच ‘पॉप आर्ट’चा, म्हणजे बाजारातल्या रोजच्या वस्तू चितारणाऱ्या कलेचा, शिक्का मारला. तो टीबोंना कधीच रुचला नाही.

केक आज बाजूला ठेवू. १९७० च्या दशकात टीबोंनी सॅन फ्रान्सिस्कोत पोट्रेरो हिल या टेकडीवर घर घेतलं. या शहराचे रस्ते किती चढाचे, हे तिथे गेलेल्यांना ठाऊक आहे. टीबो आधी इझल घेऊन स्पॉटवर बसले. चित्रं झाली, पण तिथे उभं राहिल्यावर पोटात जो गोळा येतो, तो काही कॅनव्हासवर येईना. मग ते जागोजागी नुसती रेखाटनं करू लागले आणि चित्र स्टुडिओत जुळवू लागले. या गल्लीचा चढ, त्या चौकातली इमारत, तिसरीकडची सावली. आता ही तर शुद्ध लेआउटची रीत! मजकूर इथे, बाटली तिथे, मध्ये मोकळी जागा, आणि नजर बरोबर हवी तिथे पोचली पाहिजे. त्यांच्या चित्रांत रस्ता भिंतीसारखा सरळ वर जातो, आणि त्यावरच्या मोटारी आता घसरतील की मग, असं वाटत राहतं. एकाही जागी उभं राहून हे दृश्य असं दिसणार नाही. तरी शहर ओळखू येतं.

रंगाचंही तसंच. त्यांच्या चित्रातली एकच कड जवळून बघा. आधी पिवळ्या, नारिंगी रंगात बारीक रेघेनं आखणी. ती दुरुस्त करायला हिरवी रेघ, मग निळी. शेवटी जाड तैलरंग भरताना या रेघा पूर्ण बुजवायच्या नाहीत, कडेला थोड्या उघड्या ठेवायच्या. लांबून बघितलं तर वस्तूभोवती ऊन थरथरतंय असं वाटतं. सावल्या काळ्या नाहीत, चक्क निळ्या. बोर्ड रंगवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. अक्षराला कड दिली की ते रस्त्यापलीकडूनही उठून दिसतं.

१९९० नंतर ते कॅलिफोर्नियातल्याच सॅक्रामेंटो नदीच्या त्रिभुज प्रदेशाकडे वळले. सपाट शेतं, बांध, कालवे, फळबागा. इथे तर त्यांनी कमालच केली. एकाच चित्रात एक शेत विमानातून पाहिल्यासारखं, शेजारची झाडं बांधावरून पाहिल्यासारखी. ऊनही दोन-तीन बाजूंनी येतं. एका वाफ्यात पीक उभं, तर पलीकडे नांगरट. लहानपणी काही काळ ते यूटामध्ये शेतावर राहिले होते, हे इथे आठवतं. काही चित्रांतला गुलाबी-जांभळा मात्र मला जरा जास्तच गोड वाटतो, हेही सांगून टाकतो.

गंमत म्हणजे इतकं नाव झाल्यावरही उपयोजित काम त्यांनी कमी लेखलं नाही. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्निया राज्यानं कलांसाठी निधी उभारायला मोटारीची खास नंबरप्लेट काढली. तिच्यावरची ताडाची झाडं आणि सूर्यास्त टीबोंचे. डेव्हिसच्या विद्यापीठात त्यांनी कित्येक दशकं शिकवलं आणि शंभरी गाठली तरी ब्रश खाली ठेवला नाही. २०२१ च्या नाताळच्या दिवशी ते गेले.

आपल्यापैकी अनेकजण मुला-मुलींकडे सॅन होजे, फ्रीमाँटला जाऊन राहतात. तिथून सॅन फ्रान्सिस्कोचं आधुनिक कलासंग्रहालय लांब नाही. टीबोंची ‘सनसेट स्ट्रीट्स’ आणि ‘फ्लॅटलँड रिव्हर’ ही चित्रं त्याच्या संग्रहात आहेत. संग्रहातली चित्रं सदैव भिंतीवर नसतात, तेव्हा निघण्याआधी विचारून घ्या. सवड असेल तर गाडीनं सॅक्रामेंटो शहरातल्या क्रॉकर कलासंग्रहालयापर्यंतही जाऊन या. जाताना महामार्ग सोडून नदीकाठच्या बांधावरचा रस्ता धरा.

नमस्कार.