लाइन गेलेलं शेत

(दृश्य: जालना जिल्ह्यातली मोसंबीची बाग. मधेच एक उघडा पट्टा.)

बागेच्या मधोमध ही मोकळी पट्टी दिसतेय ना? झाडं वाळली नाहीत. इथं झाड लावायचंच नाही. ओळ अशी सरळ रेषेत तुटलेली दिसली की समजावं, खालून लाइन गेलीय. गॅसची नाहीतर तेलाची.

सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. कंपनी घेते तो फक्त वापराचा हक्क आणि 'इतर हक्क' या रकान्यात त्याची एक ओळ चढते. त्यासाठी 1962 चा पेट्रोलियम पाइपलाइनचा कायदा आहे. राजपत्रात अधिसूचना निघाली की हरकत घ्यायला 21 दिवस. पारावर बसून राजपत्र कोण वाचतं, हा प्रश्न काही कायद्याला पडलेला नाही.

लाइन गाडून झाली की त्या पट्ट्यात सोयाबीन घ्या, ज्वारी घ्या. घर, झाड, तळं मात्र चालत नाही. आणि विहीरही नाही. भरपूर पावसाच्या मुलखात ही शेवटची अट कुणाला फारशी टोचणार नाही. इथं चार ठिकाणी बोअर कोरडे जातात, आणि मग पाणाड्या नारळ हातावर घेऊन फिरतो. त्याचा नारळ नेमका त्या पट्ट्यावर उभा राहिला तर?

(दृश्य: वहीच्या पानावर पेन्सिलीनं केलेला हिशेब.)

जमिनीवरच्या या हक्काचा मोबदला बाजारभावाच्या 10 टक्के. पीक, झाडं, बांध यांच्या नुकसानीचे पैसे वेगळे. समजा पट्टा 18 मीटर रुंद आणि शेतात 100 मीटर लांब, म्हणजे जवळपास 18 गुंठे. एकराला 20 लाख भाव धरला तर त्या तुकड्याचे झाले 9 लाख. हातात येतात 90 हजार, तेही एकदाच. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

हे झालं जमिनीचं. लाइन फुटली तर?

27 जून 2014. आंध्रातल्या नगरम गावात गॅसची वाहिनी फुटली, आग भडकली, वीसहून जास्त माणसं गेली. वाहिनी गावाला लागूनच होती.

अशा वेळी जबाबदारी कोणाची, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं 20 डिसेंबर 1986 रोजीच दिलंय. दिल्लीत ओलियम वायूची गळती झाली होती, भोपाळ ताजं होतं आणि सरन्यायाधीश होते पी. एन. भगवती. धोकादायक धंदा करणाऱ्यानं काळजी घेतली होती की नाही, हे बघायचंच नाही; नुकसान झालं की भरपाई द्यायची. ही जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही. म्हणजे 'काम ठेकेदाराचं होतं' ही सबब बाद. कंपनी जितकी मोठी, तितकी भरपाईही मोठी, असंही त्या निकालात आहे. आज अशी तक्रार हरित लवादाच्या पुणे खंडपीठापुढे नेता येते, त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे.

कागदावर एवढं भक्कम आहे. गाडी अडते ती पुराव्यात.

(दृश्य: नायजर नदीच्या मुखाकडचा नकाशा.)

नायजेरियाच्या चार शेतकऱ्यांनी 2008 मध्ये शेल या तेल कंपनीला थेट नेदरलँड्सच्या न्यायालयात खेचलं. तेलानं त्यांची शेतं आणि मासळीची तळी गेली होती. कंपनी म्हणाली, पाइप चोरांनी फोडला. जानेवारी 2021 मध्ये हेगच्या अपील न्यायालयानं ओरुमा आणि गोई या गावांच्या बाबतीत विचारलं, चोरांनी फोडला हे निःसंशय सिद्ध करा. ते जमलं नाही. 2022 च्या शेवटी कंपनीनं जबाबदारी मान्य न करता दीड कोटी युरो दिले. तोवर दावा लावणाऱ्यांतले काही जण वारले होते.

(दृश्य: पुन्हा बाग. विहिरीत सोडलेली बादली.)

आपल्याकडेही पहिला वाद हाच होईल, की तेल विहिरीत लाइनीतून आलं की शेजारच्या डिझेल इंजिनातून. तलाठ्याचा पंचनामा नंतर होईलच. पण चर खणायला पोकलेन बांधावर येण्याआधी विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. तारीख आणि शिक्का असलेला तो कागद मोबदल्याच्या पावतीसोबत एकाच पिशवीत ठेवा.